युरोपातल्या ग्राहकाबरोबर लवाद उभा राहिला तर: ठाणे-बेलापूर पट्ट्यातील उद्योजकांसाठी मार्गदर्शन

रबाळे, महापे, पावणे, तळोजा आणि खाडीपलीकडची वागळे इस्टेट या पट्ट्यातले कितीतरी लहान-मध्यम कारखाने व्हॉल्व, पंप, हीट एक्स्चेंजर, कास्टिंग असा माल युरोपात पाठवतात. परचेस ऑर्डरसोबत ग्राहकाच्या सर्वसाधारण अटींची तीस-चाळीस पाने येतात. आपण त्यांतला भाव वाचतो, पैसे कधी मिळणार ते वाचतो, उशिराचा दंड किती ते वाचतो आणि सही करून माल न्हावा शेव्याला रवाना करतो. शेवटच्या पानावर मात्र एक वाक्य असते की वाद झाल्यास तो लवादामार्फत निकाली निघेल, लवाद झुरिकला किंवा फ्रँकफर्टला चालेल आणि करारास स्विस किंवा जर्मन कायदा लागू राहील. लवाद म्हणजे न्यायालयाऐवजी दोन्ही पक्षांनी मान्य केलेल्या त्रयस्थांकडून वाद सोडवणे; त्या त्रयस्थांनाही लवादच म्हणतात आणि त्यांच्या निकालाला निवाडा. दोन-तीन वर्षांनी पैसे अडकले किंवा ग्राहकाने माल सदोष ठरवला की सगळे या एका वाक्यापाशी येऊन थांबते.

अशा करारांच्या कागदपत्रांत मी अनेक वर्षे काम केले आहे, आणि लवाद तिकडे ठाण्याच्या न्यायालयातल्या दाव्यासारखाच चालेल असे गृहीत धरणे ही आपली सर्वांत महागडी चूक आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. तो तसा चालत नाही. तिकडच्या पद्धतीत प्रकरणाचा बराचसा निकाल पहिल्या लेखी निवेदनाने आणि त्याला जोडलेल्या कागदांनी लागतो, आणि ते कागद वाद सुरू होण्याच्या कितीतरी आधी, कारखान्यातल्या रोजच्या कामात तयार झालेले असावे लागतात.

एक शब्द आधी स्पष्ट करतो. इथे ‘सिव्हिल लॉ’ म्हणजे आपण फौजदारीच्या विरुद्ध अर्थाने वापरतो तो ‘दिवाणी’ कायदा नव्हे. जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली, जपान अशा देशांत कायदा मुख्यतः लिखित संहितांवर उभा आहे, पुरावा पुढे आणण्याच्या कामात न्यायाधीश स्वतः पुढाकार घेतो आणि वकील त्याला साथ देतात. या परंपरेत वाढलेली माणसे लवाद म्हणून बसली की तीच सवय सोबत आणतात. आपली परंपरा इंग्रजी वळणाची आहे. दोन्ही पक्षांनी एकमेकांशी झुंजावे आणि न्यायाधीशाने ऐकावे, असे आपल्या मनात घट्ट बसलेले असते.

सही करण्याआधी

करारातल्या त्या एका वाक्यात चार वेगळे प्रश्न दडलेले असतात: लवादाची ‘सीट’ म्हणजे कायदेशीर मुक्काम कोठे, कराराला कोणता कायदा लागू, सुनावणी प्रत्यक्षात कोठे बसणार आणि कामकाजाची भाषा कोणती. सीट ज्या देशात असते त्या देशाचा लवाद कायदा प्रक्रियेला लागू होतो आणि निवाडा रद्द करून मागायचा असल्यास तिथल्याच न्यायालयात जावे लागते. सुनावणीची जागा ही केवळ सोयीची बाब आहे. हे दोन मुद्दे एकत्र झाले की वर्षानुवर्षांचे भांडण उभे राहते. एनर्कॉन प्रकरणात करारात ‘व्हेन्यू’ म्हणून लंडन लिहिले होते, तरीही २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीट भारतातच असल्याचे ठरवले. याउलट पासल विंड विरुद्ध जीई पॉवर या प्रकरणात दोन्ही पक्ष भारतीय कंपन्या होत्या, सीट झुरिक होती आणि सोयीसाठी सुनावण्या मुंबईत झाल्या होत्या. दोन भारतीय पक्षही परदेशी सीट निवडू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे महाप्यातल्या एखाद्या परदेशी कंपनीच्या भारतीय उपकंपनीला तुम्ही माल देत असाल, तरी करारात झुरिक लिहिलेले असेल तर ते हलक्यात घेऊ नका.

वाक्यात ‘सीट’ हा शब्द आणि शहराचे नाव स्वच्छ लिहून घ्या. कोणत्या संस्थेचे नियम लागू, हेही नावानिशी लिहा. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे, म्हणजे आयसीसीचे नियम, जर्मनीतील डीआयएस या लवाद संस्थेचे नियम आणि स्विस नियम हे या व्यवहारांत नेहमी दिसतात. लहान ऑर्डरसाठी तीन लवादांचा आग्रह धरू नका, कारण प्रत्येक जास्तीचा लवाद म्हणजे शुल्क, प्रवास आणि तारखा जुळवण्याची तिप्पट दगदग असते. आयसीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार, १ जानेवारी २०२१ किंवा त्यानंतरच्या करारांत वादाची रक्कम ३० लाख अमेरिकी डॉलरपर्यंत असल्यास जलद प्रक्रिया लागू होते आणि करारात तीन लवाद लिहिलेले असले तरी संस्था एकच लवाद नेमू शकते. ही प्रक्रिया नको असल्यास करारात तसे स्पष्ट लिहावे लागते. माझ्या मते आपल्यासारख्या पुरवठादाराला ती बहुधा हवीच असते.

स्विस सीट असल्यास आणखी एक ओळ शोधून पाहा. कोणत्याही पक्षाचे वास्तव्य स्वित्झर्लंडमध्ये नसेल, तर निवाड्याला आव्हान देण्याचा हक्क आधीच सोडून देण्याची मुभा तिथला कायदा पक्षांना देतो. ‘निवाडा अंतिम राहील’ एवढे म्हणणे वेगळे आणि आव्हानाचा हक्क स्पष्ट शब्दांत सोडणे वेगळे. दुसऱ्या प्रकारची ओळ दिसली तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

आखातातही संहितेवर आधारलेले कायदे आहेत. संयुक्त अरब अमिरातीच्या २०१८ च्या लवाद कायद्यानुसार कंपनीच्या वतीने लवाद करार करणाऱ्याला त्यासाठी अधिकार दिलेला असणे आवश्यक आहे. दुबईच्या ऑर्डरवर आपला मार्केटिंगचा माणूस सही करत असेल, तर संचालक मंडळाच्या ठरावात लवादाचा उल्लेख आधीच करून ठेवा.

लागू कायद्याने काय बदलते

‘करारास जर्मन कायदा लागू’ असे लिहिले की आपोआप आणखी एक गोष्ट आत येते, ती फार थोड्यांच्या लक्षात येते. आंतरराष्ट्रीय माल विक्रीसंबंधी संयुक्त राष्ट्रांचा १९८० चा व्हिएन्ना करार, ज्याला सगळे सीआयएसजी म्हणतात, तो जर्मन कायद्याचाच भाग आहे. भारत त्या कराराचा सदस्य नाही, तरीही जर्मन कायदा निवडला की तो लागू होऊ शकतो, आणि तो नको असेल तर तसे स्पष्ट लिहून वगळावा लागतो. तो नेहमी आपल्या विरोधातच जातो असे नाही. त्याच्या ३८ व्या व ३९ व्या कलमानुसार खरेदीदाराने माल लवकर तपासून दोषाचे स्वरूप वाजवी मुदतीत कळवले पाहिजे, आणि माल हाती आल्यापासून कमाल दोन वर्षांत तर कळवलेच पाहिजे, अन्यथा दोषाचा आधार घेण्याचा त्याचा हक्क जातो. तो वगळला तर जर्मन व्यापारी संहितेचे ३७७ वे कलम येते, आणि तेही व्यापाऱ्याला माल तत्काळ तपासून तत्काळ तक्रार करायला लावते. म्हणून ग्राहकाची पहिली तक्रार नेमकी कोणत्या तारखेला, कोणत्या ईमेलने आणि कोणत्या शब्दांत आली, ते सगळे जपून ठेवा. ‘माल ठीक वाटत नाही’ असे सैल वाक्य आणि ‘हीट क्रमांक अमुक, जाडी अमुक जागी कमी’ असे वाक्य यांत तिथे मोठा फरक पडतो.

उशिराच्या दंडाबाबत तर आपली समजूत मुळातच वेगळी असते. भारतीय करार कायद्याच्या ७४ व्या कलमाखाली लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि न्यायालय वाजवी भरपाई ठरवते. जर्मनीत व्यापाऱ्याने आपल्या व्यवसायात कबूल केलेला करारातील दंड, तो जास्त आहे एवढ्याच कारणाने सर्वसाधारण नियमाखाली कमी करून मिळत नाही. मात्र तो ग्राहकाच्या छापील अटींतून आलेला असेल, तर जर्मन कायदा छापील अटींची व्यापाऱ्यांमधल्या व्यवहारातही कसून तपासणी करतो, आणि तिथे वाव मिळतो. स्विस कायद्यात अवाजवी दंड कमी करण्याचा अधिकार लवादाला आहे आणि फ्रेंच नागरी संहितेतही आहे. याहून उपयोगाची गोष्ट अशी की जर्मन आणि स्विस दोन्ही कायद्यांत, उशिरा आलेला माल ग्राहकाने कोणतीही हरकत न राखता स्वीकारला, तर उशिराचा दंड मागण्याचा त्याचा हक्क सामान्यतः जातो. अर्थात ही अट करारात बदललेली असू शकते. म्हणून दंड कापला गेल्याचे कळताच आधी ग्राहकाची माल स्वीकृतीची पावती मागवा आणि तिच्यावर दंडाचा हक्क राखल्याची नोंद आहे का ते पाहा.

दावा करण्याच्या मुदतीचे गणितही नव्याने मांडावे लागते. आपल्याकडे बिलाचे पैसे देय झाल्यापासून तीन वर्षे धरतात. जर्मन कायद्यातही सर्वसाधारण मुदत तीनच वर्षांची आहे, पण ती देणे निर्माण झाले आणि तुम्हाला ते ठाऊक झाले त्या वर्षाच्या अखेरपासून मोजतात. २०२३ च्या मार्चमध्ये देय झालेली रक्कम ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत मागता येते. पक्षांमध्ये खरीखुरी बोलणी चालू असतील तर तिथे मुदत थांबते, आपल्याकडे नुसत्या बोलण्यांनी ती थांबत नाही. सदोष मालाबाबत मात्र सर्वसाधारणपणे माल दिल्यापासून दोनच वर्षे असतात. फ्रान्समध्ये सर्वसाधारण मुदत पाच वर्षे आणि स्वित्झर्लंडमध्ये दहा वर्षे आहे. व्याजाकडेही लक्ष द्या. जर्मनीत दोन व्यावसायिकांमधल्या थकीत बिलावर मूळ दरापेक्षा नऊ टक्के अंकांनी जास्त व्याज मिळते, तर स्विस कायद्यात करारात दुसरे काही नसल्यास पाच टक्के. आपल्या बिलांवर छापलेले ‘२४ टक्के व्याज आकारले जाईल’ हे वाक्य करारात नसेल, तर त्यावर विसंबू नका.

नोटीस आली त्या दिवशी

आयसीसीच्या नियमांत लवादाची मागणी मिळाल्यापासून उत्तर देण्यास ३० दिवस असतात आणि मुदतवाढ मागता येते. हे दिवस पाकीट कंपनीच्या पत्त्यावर पोचल्यापासून मोजले जातात. मला माहीत असलेल्या एका कारखान्यात पाकीट गेटवरच्या सिक्युरिटीने घेतले, रिसेप्शनच्या खणात ठेवले आणि ते व्यवस्थापकांच्या टेबलावर पोचेपर्यंत १९ दिवस गेले होते. करारातल्या नोटीसच्या कलमात ज्या माणसाचा ईमेल होता, तो नोकरी सोडून दोन वर्षे झाली होती. म्हणून चालू असलेल्या प्रत्येक परदेशी करारातला नोटीसचा पत्ता आणि ईमेल वर्षातून एकदा तपासा आणि बदल झाला असेल तर समोरच्याला लेखी कळवा.

नोटीसकडे दुर्लक्ष केले तर लवाद मंडळ तुमच्याशिवाय पुढे जाते. गैरहजेरी म्हणजे कबुली नव्हे, हे खरे आहे. पण एकाच बाजूचे कागद समोर असताना निवाडा कोणत्या दिशेने जाईल, हे सांगायला नको.

पहिले निवेदन म्हणजेच प्रकरण

आपल्या न्यायालयांतल्या लेखी जबाबात एक ठरलेले वाक्य असते: सदरचा मजकूर खोटा, लबाडीचा असून तो या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही. असे वाक्य जर्मन लवादासमोर ठेवले तर ते कोऱ्या पानासारखेच असते. समोरच्याने ‘१२ मे रोजी चाचणीत गळती आढळली’ असे तपशिलाने म्हटले असेल, तर तुम्हालाही तेवढ्याच तपशिलाने म्हणावे लागते की त्या दिवशी चाचणी झालीच नाही, किंवा झाली पण दाब वेगळा होता, किंवा गळती गॅस्केटमधून होती आणि गॅस्केट ग्राहकाने बसवलेले होते. ज्या विधानाचे तपशिलाने खंडन होत नाही ते मान्य आहे, असे धरण्याकडे या परंपरेतल्या लवादांचा कल असतो.

जर्मन पद्धतीचे निवेदन एकदा वाचून पाहा, म्हणजे मुद्दा डोळ्यांसमोर येईल. प्रत्येक परिच्छेदात एक वस्तुस्थिती असते आणि तिच्या लगेच खाली वेगळ्या ओळीत ‘पुरावा’ असे लिहून कागदाचा क्रमांक किंवा साक्षीदाराचे नाव दिलेले असते. दावेदाराचे कागद बहुधा के-१, के-२ अशा क्रमाने आणि प्रतिवादीचे बी-१, बी-२ अशा क्रमाने जातात. ‘पुरावा योग्य वेळी सादर करू’ या वाक्याला तिथे जागा नाही. आपण आधी बाजू मांडतो, मग मुद्दे निघतात, मग शपथपत्र, मग कागद दाखल, मग उलटतपासणी. तिथे हे सगळे पहिल्याच फेरीत अपेक्षित असते, दुसरी फेरी उत्तरादाखल असते आणि त्यानंतर नवा कागद आणायचा तर परवानगी मागावी लागते व उशिराचे कारण द्यावे लागते.

दुसऱ्या बाजूच्या फायलींतून काहीतरी सापडेल, ही आशाही सोडून द्या. समोरच्या कंपनीचे अंतर्गत ईमेल सरसकट मागण्याची प्रथा या देशांत नाही. आंतरराष्ट्रीय लवादांत पुराव्यासाठी इंटरनॅशनल बार असोसिएशनचे नियम मार्गदर्शक म्हणून नेहमी घेतले जातात, त्यांची शेवटची सुधारणा २०२० ची आहे. त्यांत कागद मागता येतात, पण नेमका कागद किंवा कागदांचा अरुंद वर्ग सांगावा लागतो आणि तो प्रकरणाच्या निकालाला का आवश्यक आहे ते दाखवावे लागते. २०१८ चे प्राग नियम तर कागदांची मागणी शक्यतो टाळावी असेच सुचवतात. पहिल्या प्रक्रियात्मक बैठकीत यांतले कोणते नियम घ्यायचे ते ठरते. त्या बैठकीला वकिलाला एकट्याला पाठवू नका, कारखान्यातले वास्तव जाणणारा कोणीतरी त्यात असला पाहिजे. वेळापत्रक, किती साक्षीदार, ऑनलाइन की प्रत्यक्ष आणि मराठी-हिंदी कागदांचे भाषांतर कसे, हे सगळे तिथेच ठरते आणि नंतर फारसे बदलत नाही.

भाषांतराचा एक प्रसंग सांगतो, कारण त्यातून रोजच्या नोंदी कशा लिहाव्यात ते कळते. रबाळ्याच्या एका युनिटच्या इन्स्पेक्शन रजिस्टरमध्ये सुपरवायझरने निळ्या पेनाने लिहिले होते: ‘१४ नग, पार्टीसमोर चेक केले, ओके.’ खाली दोन सह्या होत्या आणि दुसरी सही वाचता येत नव्हती. आपल्या शॉप फ्लोअरवर ‘पार्टी’ म्हणजे ग्राहक, हे कोणालाही सांगावे लागत नाही. भाषांतरात मात्र तो शब्द तसाच ‘पार्टी’ राहिला, आणि कायद्याच्या भाषेत पार्टी म्हणजे प्रकरणातला कोणताही पक्ष. लवादांनी विचारले की तपासणी नेमकी कोणत्या पक्षासमोर झाली, कारण ग्राहकाचे म्हणणे होते की त्यांचा माणूस त्या दिवशी तिथे नव्हताच. त्या एका शब्दापायी सुपरवायझरला साक्षीसाठी बोलवावे लागले, गेट रजिस्टर काढावे लागले आणि व्हिजिटर पासवरच्या नावाशी ती सही जुळवावी लागली. सही ग्राहकाने पाठवलेल्या निरीक्षकाचीच निघाली आणि मुद्दा सुटला, पण पाच आठवडे गेले. तेव्हापासून मी प्रत्येक युनिटला सांगतो की तपासणीच्या नोंदीत हजर माणसाचे पूर्ण नाव, तो कोणत्या कंपनीचा आणि वेळ हे तीन तपशील लिहिल्याशिवाय रजिस्टर बंद करू नका. मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट, चाचणीचे आलेख, पॅकिंगचे फोटो तारखेसह, जहाजाची कागदपत्रे आणि बैठकीचे इतिवृत्त हे सगळे ऑर्डरनिहाय एकाच फोल्डरमध्ये ठेवा. बैठक फोनवर झाली असेल तर त्याच संध्याकाळी चार ओळींचा ईमेल पाठवून ठरलेले नोंदवा. समोरून आक्षेप आला नाही, तर तो ईमेल पुढे फार मोलाचा ठरतो.

रकमेचा हिशेबही पहिल्याच निवेदनात लागतो. ‘अंदाजे दोन कोटींचे नुकसान’ असे म्हणून नंतर सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र जोडू, हे चालत नाही. बिलनिहाय तक्ता, प्रत्येक आकड्यासमोर त्याचा कागद आणि व्याज कोणत्या तारखेपासून ते, असे सगळे तयार ठेवा.

साक्षीदार आणि प्रश्न

लेखी साक्ष आधीच दिलेली असते आणि तीच मुख्य साक्ष धरली जाते. सुनावणीत अनेकदा लवाद स्वतः आधी प्रश्न विचारतात आणि मग वकिलांना ठरावीक वेळ देतात. दोन दिवस उलटतपासणी करून साक्षीदाराला कोंडीत पकडण्याची अपेक्षा घेऊन गेलेला आपला वकील तिथे अस्वस्थ होतो. प्रसंगाच्या वेळी लिहिलेला कागद आणि नंतर सांगितलेली साक्ष यांत फरक पडला, तर कागदाला जास्त वजन मिळते. वकिलाने साक्षीदाराला कितपत तयार करावे याबद्दलही तिकडे संकोच असतो, म्हणून पाठ केलेली उत्तरे लवकर ओळखू येतात आणि नुकसान करतात.

मध्य युरोपची वेळ आपल्या मागे उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास असते, म्हणून ऑनलाइन सुनावणी आपल्याकडे दुपारी सुरू होऊन रात्रीपर्यंत जाऊ शकते. पहिल्या पाळीचा सुपरवायझर पहाटेपासून कामावर असेल तर त्या दिवशी त्याला सुट्टी द्या. स्वतंत्र खोली, स्थिर इंटरनेट आणि टेबलावर लवादाने परवानगी दिलेल्या फायलीशिवाय काहीही नको. आणि त्याला मराठीत बोलू द्या. दुभाषाचा खर्च वाचवण्यासाठी मोडक्या इंग्रजीत साक्ष देण्याचा आग्रह मी एकदा मान्य केला होता आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप होतो. ‘मी पाहिले’ आणि ‘मला सांगण्यात आले’ यांतला फरक त्या इंग्रजीत हरवला आणि अठरा वर्षांच्या अनुभवाचा प्रामाणिक माणूस गोंधळलेला दिसला.

तांत्रिक वादात लवाद मंडळ स्वतःचा तज्ज्ञ नेमू शकते, जर्मन कायद्यात त्याची स्पष्ट तरतूद आहे. आपला खासगी तज्ज्ञ कितीही नामांकित असला तरी तो एका पक्षाचा मानला जातो. मंडळाने नेमलेल्या तज्ज्ञाला कोणते प्रश्न विचारायचे, हे ठरवण्याच्या टप्प्यावर सगळी ताकद लावा. अहवाल आल्यावर त्याला सुनावणीत प्रश्न विचारता येतात, पण प्रश्नच चुकीचे गेले असतील तर उपयोग मर्यादित राहतो. माल ग्राहकाच्या कारखान्यात पडून असेल तर तो भंगारात जाण्याआधी संयुक्त तपासणीची लेखी मागणी करा. मागणी नाकारली गेली तर तो नकारही पुरावाच आहे.

लवादच तडजोड सुचवतात तेव्हा

सुनावणीच्या मध्येच अध्यक्ष सांगतात की आतापर्यंतच्या कागदांवरून आमचे प्राथमिक मत असे आहे, या मुद्द्यावर दावेदार कमजोर दिसतो, त्या मुद्द्यावर प्रतिवादी, आणि पक्षांनी अमुक रकमेच्या आसपास विचार करावा. हे प्रथम ऐकणाऱ्या आपल्या माणसाला धक्का बसतो. निकाल आधीच ठरला आहे, लवाद पक्षपाती आहेत, असे वाटते. तसे नसते. जर्मन न्यायाधीशाने प्रत्येक टप्प्यावर तडजोडीचा प्रयत्न करावा असे तिथला कायदाच सांगतो, आणि कोणत्याही पक्षाची हरकत नसेल तर लवाद मंडळानेही तसे करावे असे डीआयएसच्या २०१८ च्या नियमांत आहे. हे नको असेल तर सुरुवातीलाच हरकत नोंदवता येते. मी मात्र ते स्वीकारण्याचा सल्ला देईन, कारण प्रकरणाचे खरे वजन एवढ्या लवकर कळण्याची दुसरी सोय नाही. त्यासाठी सुनावणीला असा माणूस हजर ठेवा ज्याला रक्कम मान्य करण्याचा अधिकार आहे आणि किमान-कमाल आकडा घरून ठरवून नेलेला आहे. तडजोड झाली तर ती नुसत्या करारावर सोडू नका, संमतीचा निवाडा म्हणून नोंदवून घ्या, म्हणजे पैसे थकले तर अंमलबजावणी थेट मागता येते.

पैसा

आयसीसीकडे दावा दाखल करताना २०२१ च्या नियमांनुसार ५,००० अमेरिकी डॉलर भरावे लागतात आणि ते परत मिळत नाहीत. त्यानंतर लवादांच्या शुल्काची आगाऊ रक्कम दोन्ही पक्षांनी समान भरायची असते. प्रतिवादीने आपला वाटा भरला नाही तर दावेदाराला तोही भरावा लागतो, नाहीतर प्रकरण पुढे सरकत नाही. ही शक्यता धरूनच दावा करायचा की नाही ते ठरवा. परदेशी रक्कम पाठवताना बँकेच्या परकीय चलन विभागाला अर्ज, संस्थेचे मागणीपत्र आणि कराची कागदपत्रे लागतात. पहिल्यांदा पाठवताना यात दिवस जातात, म्हणून अंतिम तारखेच्या आदल्या दिवशी बँकेत जाऊ नका. हरलेल्या पक्षाने जिंकलेल्याचा वाजवी खर्च द्यावा, ही तिकडची रीत आहे. वकिलांची बिले, प्रवास, भाषांतर, स्वतःच्या कर्मचाऱ्यांचे तास, सगळ्यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा.

भारतातली न्यायालये कोठे येतात

सीट परदेशात असली तरी अंतरिम संरक्षणासाठी आपल्या १९९६ च्या लवाद कायद्याचे ९ वे कलम, करारात ते वगळलेले नसल्यास, २०१५ च्या दुरुस्तीपासून उपलब्ध आहे. परदेशी पक्ष असलेल्या अशा प्रकरणात अर्ज ठाणे किंवा बेलापूरच्या न्यायालयात जात नाही, मुंबई उच्च न्यायालयात करावा लागतो. लवाद सुरू होण्याआधी आदेश मिळाला तर ९० दिवसांत लवाद सुरू करावा लागतो. ग्राहकाने परफॉर्मन्स बँक गॅरंटी, म्हणजे आपण करार नीट पाळू यासाठी बँकेने दिलेली हमी, वटवायला काढली तर आपण सर्वप्रथम इथे धाव घेतो, पण उघड फसवणूक किंवा भरून न येणारे नुकसान दाखवल्याशिवाय गॅरंटी थांबवली जात नाही.

निवाड्याला आव्हान देण्याची मुदत सीटच्या देशाप्रमाणे असते: स्वित्झर्लंडमध्ये ३० दिवस आणि तेही थेट तिथल्या संघीय सर्वोच्च न्यायालयात, तर जर्मनीत तीन महिने आणि उच्च प्रादेशिक न्यायालयात. गुणदोषांवर पुन्हा सुनावणी दोन्हीकडे नाही.

ग्राहक जिंकला आणि तुमची मालमत्ता इथे असेल, तर तो अंमलबजावणीसाठी मुंबई उच्च न्यायालयात येईल. त्यासाठी निवाडा १९५८ च्या न्यूयॉर्क कराराखालचा आणि भारत सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या देशातला असावा लागतो. जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली व जपान त्यात आहेत. विरोधाची कारणे आपल्या १९९६ च्या कायद्याच्या ४८ व्या कलमात मोजकीच आहेत आणि ‘निवाडा चुकीचा आहे’ हे त्यांत बसत नाही. विजय करिया विरुद्ध प्रिस्मियन या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असा विरोध फेटाळताना ५० लाख रुपयांचा खर्च बसवला होता. म्हणून बाजू मांडू न दिल्याची तक्रार असेल तर ती लवाद मंडळासमोर, त्याच दिवशी, लेखी नोंदवा. इथे पहिल्यांदा सांगितलेली तक्रार कोणी गंभीरपणे घेत नाही.

तुम्ही जिंकलात आणि ग्राहकाची मालमत्ता जर्मनीत असेल तर तिथल्या उच्च प्रादेशिक न्यायालयात निवाडा अंमलबजावणीयोग्य ठरवून घ्यावा लागतो. त्याची काही मालमत्ता किंवा येणे भारतात असेल, तर इथे तीन वर्षांच्या मुदतीत अर्ज करता येतो. त्यासाठी ४७ व्या कलमाखाली मूळ निवाडा किंवा रीतसर साक्षांकित प्रत, मूळ लवाद करार किंवा त्याची प्रमाणित प्रत आणि निवाडा परभाषेत असल्यास प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते. निवाडा हाती आल्याबरोबर संस्थेकडून साक्षांकित प्रती मागून घ्या, आणि ज्या परचेस ऑर्डरच्या शेवटच्या पानावर ते एक वाक्य होते तिची मूळ सही केलेली प्रत आज कोणत्या कपाटात आहे, ते लवादाची नोटीस निघण्याच्या आधीच शोधून ठेवा.